गालिचा घ्यायचाय: प्रदर्शनातला नवा 'काश्मिरी सिल्क' की पाचगणीच्या बंगल्यातला जुना?

गावभागकरीण
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दर शनिवारी सासऱ्यांची बैठक असते. ते हार्मोनियम शिकवतात, मिरजेहून एक-दोघं तंबोरा, सतार घेऊन येतात आणि सात-आठ माणसं तीन-चार तास खाली बसलेली असतात. इतकी वर्षं दोन सतरंज्या आणि वर पांढरी चादर यावर भागलं. आता फरशी काढून गुळगुळीत टाइल्स टाकल्यात. सतरंजी सरकते आणि बाबांच्या गुडघ्यांना गारवा बाधतो. म्हणून ५ बाय ८ फुटांचा एक बरा गालिचा घ्यायचं घाटतंय.

दोन पर्याय समोर आहेत. इथे सांगलीत, विश्रामबागेत एका मंगल कार्यालयात प्रदर्शन लागलंय. तिथे 'काश्मिरी सिल्क, हाताने विणलेला' म्हणून एक दाखवला. चिठ्ठीवर दीड लाख, सत्तर टक्के सूट जाऊन ४५ हजार. रविवारी प्रदर्शन संपतंय. दिसायला देखणा, हात फिरवला की लोण्यासारखा. दुसरा पाचगणीचा. ओळखीच्या ओळखीतून एक जुना बंगला रिकामा होतोय, तिथला लोकरीचा लाल-निळा गालिचा. मालकीणबाई म्हणतात इराणी आहे, ऐंशी-नव्वद वर्षांचा. १८ हजार सांगितलेत. फोटोत एका टोकाच्या दशा झिजलेल्या दिसतात.

यजमान म्हणतात नवा घे. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या घरची धूळ पैसे देऊन कशाला आणायची. कुणाला यातलं कळतं का?

भडंगप्रेमी
सत्तर टक्के सूट ज्या किमतीवर देतात ती किंमत कोण ठरवतं, हे मला कुणीतरी सांगा. आणि रविवारी संपणारं प्रदर्शन पुढच्या शुक्रवारी इचलकरंजीत लागतं, तेही 'शेवटचे तीन दिवस' म्हणूनच.

हिशेबनीस
मला गालिच्यातलं काही कळत नाही, आकडेमोड कळते. काश्मिरी रेशमी गालिचेवाले '१८ बाय १८', '२० बाय २०' अशी भाषा बोलतात, म्हणजे एका इंचात उभ्या आणि आडव्या तेवढ्या गाठी. १८ बाय १८ म्हणजे चौरस इंचाला ३२४. पाच बाय आठ फूट म्हणजे ५,७६० चौरस इंच. गाठी झाल्या १८ लाख ६६ हजार. चांगला विणकर दिवसाला सहा ते दहा हजार गाठी मारतो असं धरतात. आपण आठ हजार धरू. एका माणसाचे २३३ दिवस झाले. दिवसाला नुसते ४०० रुपये मजुरी लावा, ९३ हजार होतात. त्यात रेशीम, रंगाई, मालकाचा नफा, वाहतूक आणि मंगल कार्यालयाचं भाडं अजून धरलेलंच नाही.

४५ हजारांत तो देतोय तर एक तर तो कर्णाचा अवतार आहे, नाहीतर ते रेशीम नाही किंवा हाताने विणलेलं नाही. मला दोन्ही नाही असं वाटतं.

ताणाबाणा
हिशेबनीसांनी माझं निम्मं काम केलं. मी काही वर्षं भदोहीत (उत्तर प्रदेशातलं गालिच्यांचं गाव) एका निर्यातदाराकडे माल तपासायला होतो, आता मिरजेत स्थायिक आहे. ताई, गालिच्याची वरची बाजू सगळ्यात शेवटी बघायची. आधी उलटा टाकायला सांगा.

हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर पूर्ण नक्षी दिसते, जवळजवळ पुढच्याइतकीच स्पष्ट. प्रत्येक गाठ वेगळी दिसते, मधून बाण्याचे आडवे धागे गेलेले असतात, आणि ओळ कुठे ना कुठे किंचित हललेली असते. दशा म्हणजे ताण्याचीच, म्हणजे उभ्या धाग्यांचीच टोकं. त्या शिवून लावलेल्या नसतात, गालिच्यातून बाहेर आलेल्या असतात. दशा धरून आत शोध घेत गेलात तर तोच धागा गाठींच्या खालून दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

पाठीवर जाड सुती कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्यात गाठ नसतेच. ताणलेल्या कापडात बंदुकीसारख्या यंत्राने लोकर ठोकतात, मागून लेटेक्सचा थर देऊन ती पकडून ठेवतात आणि वरून अस्तर लावतात. विकणारा त्यालाही 'हातानेच केलाय' म्हणतो. खोटं नाही ते, बंदूक हातातच असते. सुरुवातीला छान दिसतो. काही वर्षांत आपल्याकडच्या उन्हाळ्यात लेटेक्स वाळून तडकतं, खाली पिवळट भुगा पडायला लागतो, दमट दिवसांत रबराचा वास येतो. त्याची दुरुस्ती होत नाही. पुढे विकायला गेलात तर कुणी घेत नाही.

तिसरा मशीनचा. पाठीवर कमालीची एकसारखी वीण, काठ मशीनच्या ओव्हरलॉकने मारलेले, दशा वेगळ्या शिवलेल्या. स्वस्त असेल आणि मशीनचा म्हणूनच विकत असतील तर माझं काही म्हणणं नाही.

आता 'सिल्क'. बांबू सिल्क, केळीचं सिल्क, आर्ट सिल्क ही बहुतेक वेळा व्हिस्कोसची, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याची नावं. व्हिस्कोस चमकतं, मऊ लागतं, आणि ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. चहा सांडला, फडक्याने जोरात पुसला, की तिथली लव, म्हणजे वर उभे असलेले तंतू, कायमची बसते आणि पिवळी पडते. तुमच्या बैठकीत चहा किती वेळा फिरतो ते तुम्हीच ठरवा.

जाळून बघायची परीक्षा सगळ्यांना माहीत असते, पण त्यातली मेख फार थोड्यांना. विक्रेता स्वतःहून लायटर काढतो आणि दशेचा धागा जाळून दाखवतो. दशा म्हणजे ताणा, तो सुती असो नाहीतर रेशमी, त्यावरून लव कशाची आहे ते कळत नाही. लवेतला धागा मागा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरडली जाते. व्हिस्कोस आणि सूत कागदासारखं जळतं. पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन वितळून टणक मणी होतो.

आणि एक विचारा: काश्मीरच्या हातविणीच्या गालिच्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. २०२२ पासून त्याला क्यूआर कोडचं लेबल लावतात. श्रीनगरच्या भारतीय गालिचा तंत्रज्ञान संस्थेत तपासणी होऊन ते मिळतं. कोड फोनवर उघडला की माल कुठला, कुणी केला ते येतं. लेबल नसलेला प्रत्येक गालिचा खोटा नसतो, पण दीड लाखाची चिठ्ठी लावणाऱ्याने त्याबद्दल काहीतरी सरळ उत्तर द्यायला हवं.

दोन_पोरांची_आई
इतकं सगळं वाचून दमले. आमच्या हॉलमध्ये पॉलिप्रॉपिलीनचा मशीनचा आहे, पाच हजारांचा. पोरांनी त्यावर वरणभात सांडला, रंगपेटी सांडली. बादलीभर पाणी ओतून गच्चीवर वाळत घालते. सगळ्यांनाच वारसा जपायचा नसतो.

ताणाबाणा
पोरं लहान आहेत तोवर तुमचा निर्णय बिनचूक. मीही हेच सुचवलं असतं. फक्त तो पायांखाली घ्यायला बरा, तीन तास मांडी घालून बसायला गरम होतो. गुडघ्याला लोकरच बरी.

सनगर_जत
आमी सनगर. घोंगडी इनायचा आमचा पिढीजात धंदा, आता गावात दोनच माग ऱ्हायलेत. गालिच्याचं मला म्हाईत न्हाई, पर लोकर म्हाईत हाय. ताई, मूठ भरून लव दाबा आन सोडा. जित्त्या मेंढरावरनं कातरलेली लोकर लगीच उठून बसती, बोटाला इवलुसा तेलकटपणा लागतो. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरनं चुना लावून काढलेली लोकर कोरडी, ठिसूळ, चमक नसलेली. चोळली की तुकडं हातात येत्यात. आसली लोकर नव्या गालिच्यात बी खपवत्यात. नवीन गालिचा पयल्या महिन्यात थोडा केस सोडतोच, त्येला भ्यायचं न्हाई. पर चिमटीत भुगा आला तर परत ठिवा.

आमची दख्खनी मेंढराची लोकर गालिच्याला चालत न्हाई, लई राठ. घोंगड्यालाच बरी, चिंचोक्याची खळ दिली की वाऱ्या-पावसाला टिकती. बाबांच्या गुडघ्यासाठनं म्हणाल तर गालिच्याखाली एक घोंगडं आंथरा, सरकणार बी न्हाई.

ताणाबाणा
दादा, तुमच्या ह्या चार ओळींसाठी भदोहीत पोरं वर्गात बसून शिकतात. तिकडे बिकानेरची मगरा लोकर चमकेसाठी घेतात आणि न्यूझीलंडच्या लोकरीत मिसळून चालवतात. दाबून सोडायची परीक्षा तिथेही हीच.

घाटमाथा
मी पाचगणीचा. सासूबाईंची बाजू घेतो, पण धुळीसाठी नाही. आमच्याकडे आणि वर महाबळेश्वरला पावसाळ्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकं, चपला, पेटीतले कोट, सगळ्यांवर पांढरी बुरशी धरते. यातले कितीतरी बंगले जून ते सप्टेंबर बंद असतात, गालिचा तसाच जमिनीवर. वरची लोकर छान दिसते आणि आतला सुती ताणा कुजलेला असतो. कोपरा दोन्ही हातांत धरून पाठीच्या बाजूला दुमडा, हलका पीळ द्या. आतून कट्कट् असा बारीक आवाज आला की समजायचं सूत मेलंय. तो गालिचा जमिनीवर पडून राहील तोवर ठीक. उचलला, झटकला, धुतला की फाटतो.

खिडकीखालचा आणि भिंतीलगतचा भाग आधी बघा. सोफ्याखालचा भागही. तिथे कधी झाडू फिरत नाही, कसर (लोकर खाणारी कीड) तिथेच लागते.

हरभटरोड
घाटमाथा, हे तुमच्याकडेच नाही. आमच्याकडे २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर झाले. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पुरानंतर कितीतरी घरांतलं सामान मिळेल त्या भावाने गेलं, धुऊन-वाळवून पुन्हा बाजारात आलं. सांगली-मिरजेत जुना गालिचा घेणाऱ्याने एक गोष्ट करावी: स्वच्छ फरशीवर तो पालथा टाकून पाठीवर तळहाताने थोपटावा आणि मग उचलून खाली काय पडलं ते बघावं. घरातली धूळ करडी, हलकी, तंतूंची असते. नदीचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि बोटाला चिकटतो. ज्यांनी घरातून तो उपसलाय त्यांना वेगळा ओळखायला लागत नाही.

भडंगप्रेमी
धागा गालिच्यावरून पुरावर आला. सांगलीकरांचा कुठलाही धागा शंभर प्रतिसादांच्या आत पुरावर येतोच.

हळदपेठ
रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रदर्शनातला माणूस 'सगळे नैसर्गिक रंग' म्हणाला असेलच. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा पिढ्यान् पिढ्या टिकतो हे खरं. पण 'हळदीचा पिवळा' म्हणाला तर हसा. हळद आमचा धंदा आहे, तिचा रंग उन्हात टिकत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

ताणाबाणा
अगदी. आणि रासायनिक रंग म्हणजे वाईट असंही नाही. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग निघाला, त्यानंतर काही दशकांत ते गालिच्यांत शिरले. सुरुवातीचे बरेच कच्चे होते, उडायचे, पसरायचे. नंतरचे क्रोम रंग पक्के निघाले. त्यामुळे पाचगणीचा गालिचा खरंच ऐंशी-नव्वद वर्षांचा असला तरी त्यात नैसर्गिक रंग असतीलच असं नाही, आणि नसले तरी बिघडत नाही.

रंगाची परीक्षा सोपी. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा आणि लाल, निळ्या, काळ्या भागावर प्रत्येकी अर्धा मिनिट दाबून चोळा. रुमाल स्वच्छ राहिला पाहिजे. कधीकधी झिजलेल्या जागी खालचा पांढरा ताणा दिसू नये म्हणून शाईने किंवा मार्करने रंगवतात, तेही रुमालावर उतरतं. मग लव बोटांनी फाकवून मुळाशी बघा. नवा गालिचा रसायनांनी किंवा चहाच्या पाण्याने 'जुना' केला असेल तर टोकं फिकी आणि मुळाशी रंग अंगावर येण्याइतका भडक दिसतो. खऱ्या जुन्यातही टोकं थोडी उतरतात, पण हळूहळू, एकदम रेघ मारल्यासारखी नाही.

संग्रहालयवेडा
लोक रेशीम आणि गाठींच्या आकड्यामागे धावतात म्हणून एक सांगतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इराणातल्या अर्दबीलचा गालिचा आहे, विणीतच साल घातलेला, १५३९-४० चा. जगातला बहुधा सगळ्यात नावाजलेला. त्याची लव लोकरीची आहे, रेशीम फक्त ताण्या-बाण्यात. आणि तो डागडुजी केलेला आहे, जोडीच्या दुसऱ्या गालिच्याचे तुकडे काढून हा पुरा केला. उरलेला दुसरा अमेरिकेत लॉस एंजेलिसला आहे. म्हणजे लोकर कमी दर्जाची नाही आणि दुरुस्ती झाली म्हणून गालिचा बाद होत नाही.

अवांतर: मालकीणबाईंनी 'इराणी' म्हटलंय ते मनावर घेऊ नका. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे तुरुंगांत उत्तम गालिचे विणले जात. विंडसर किल्ल्यात आहे तो राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवासाठी आग्र्याच्या तुरुंगात विणलेला प्रचंड गालिचा. येरवड्याच्या तुरुंगात विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांवरून नमुने उतरवले होते. अमृतसर, मिर्झापूरचा मालही भरपूर होता. पाचगणीच्या बंगल्यात यातलं काहीही असू शकतं.

ताणाबाणा
'कुठला' यावर पैसे मोजायचे असतील तर जाणकाराला प्रत्यक्ष दाखवून मगच. तुम्हाला बसायला हवाय, तेव्हा 'कसा आहे' यावर मोजा. इराणी हे नाव फुकट मिळालं तर घ्या.

वकीलकाका
एक कायद्याची गोष्ट. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. घरगुती व्यवहारात तुम्हाला फरक पडणार नाही, पण 'सव्वाशे वर्षं जुना, मुलाकडे अमेरिकेला पाठवा' असं कुणी गळ्यात मारत असेल तर सावध. नव्या गालिच्याला पक्कं बिल घ्या, आणि त्यावर नुसतं 'कार्पेट १ नग' नको. लव कशाची, हाताने गाठी मारलेला की टफ्टेड, माप काय, हे लिहून मागा. तोंडी शंभर गोष्टी सांगणारा माणूस लिहायची वेळ आली की खरं बोलतो.

कोयनाकाठ
गालिचाच कशाला? बैठकीला आमच्याकडे धारवाडकडचा नवलगुंदचा जमखाना आहे, सुती, भौमितिक नक्षीचा. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. दोन्ही बाजूंनी वापरता येतो, कसर लागत नाही.

गावभागकरीण
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कोयनाकाठ, जमखाना सासूबाईंना दाखवला, त्यांना फार आवडला, पण गुडघ्यांचा प्रश्न राहतोच.

काल प्रदर्शनात गेले. उलटा टाका म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा पडला. मागे पांढरं कापड चिकटवलेलं. दशा मशीनने शिवलेल्या, एका जागी टाका सुटला होता. लवेतला धागा मागितला तर म्हणाला, 'मॅडम, दशा जाळून दाखवतो ना!' ताणाबाणा, तुमची आठवण झाली. बिलावर 'शुद्ध रेशीम, हाताने गाठी मारलेला' असं लिहून द्याल का विचारलं, तर म्हणाला 'हँडमेड सिल्क टच' लिहितो. मी निघाले तर दारापर्यंत येईस्तोवर ४५ चे २२ झाले.

पाचगणीला रविवारी जातेय. यादी करून दिलीत तर बरं.

हिशेबनीस
चाळीस पावलांत २३ हजार. पार्किंगपर्यंत चालत गेला असतात तर त्यानेच तुम्हाला पैसे दिले असते.

ताणाबाणा
यादी नको, क्रम सांगतो. सकाळी जा, उजेडात. खोलीत शिरल्यावर आधी वास घ्या, मग गालिचा बघा. पालथा करा, पट्टी ठेवून एका इंचातल्या उभ्या-आडव्या गाठी मोजा, थोपटा, कोपरे चारही दुमडून ऐका. दोघांनी उचलून खिडकीसमोर धरा, भोकं असतील तर उजेड आरपार येतो. दोन्ही टोकांची रुंदी मोजा. दोन-तीन इंचांचा फरक हाताच्या मागावर येतोच, सहा इंच आला तर सोडा. जमिनीवर सपाट बसतो का, मध्ये फुगतो का बघा. रुमाल विसरू नका. आणि या सगळ्यात 'वा, किती सुंदर' असं तोंडातून काढू नका.

गावभागकरीण
जाऊन आले. पाठीवर नक्षी स्पष्ट आहे, गाठी इंचाला ११ आणि १०. रुंदी एका टोकाला ५ फूट १ इंच, दुसऱ्या टोकाला ४ फूट ११. लाल रुमालावर अजिबात आला नाही. मधल्या पदकाच्या निळ्यात तळहाताएवढ्या जागेत रुमाल निळा झाला. सोफ्याखालच्या बाजूला पांढरी बारीक टरफलं आणि लव खाल्लेल्या दोन जागा. आणि खिडकीकडच्या एका कोपऱ्यात तो आवाज आला, घाटमाथा म्हणतात तसा. बाकी तीन कोपरे गप्प. गाळ नाही, साधी धूळ, पण किती ते विचारू नका. मी काहीच न बोलता रुमाल दाखवला, बाईंनी आपण होऊन १३ हजार म्हटलं.

घाटमाथा
सोडून द्या. एका कोपऱ्यात कूज म्हणजे पाणी आत गेलंय. किती आत गेलं ते बाहेरून दिसत नाही.

ताणाबाणा
दिसत नाही, पण ऐकता येतं. घाटमाथांची भीती रास्त आहे, निकालाशी मात्र सहमत नाही. ताई, त्या कोपऱ्यापासून आतल्या दिशेने वीत-वीत अंतरावर दुमडत जाऊन आवाज कुठे थांबतो ते बघायला त्यांना फोनवर सांगा. वीतभरात थांबला तर कोपऱ्याचा तेवढा भाग मागून कापड लावून शिवून घेता येतो. हात-दीड हातभर आत गेला तर घाटमाथांचं ऐका. ११ गुणिले १०, म्हणजे चौरस इंचाला ११० गाठी, बसायच्या गालिच्याला पुष्कळ झाल्या. निळ्या डागाचा अर्थ तिथली लव झिजली होती आणि कुणीतरी रंग भरलाय. बसायला काही अडत नाही, पण तो घरी पाण्याने धुवायचा नाही, निळा पसरेल. रफू, कोपरा आणि धुलाई यांचा खर्च तुमच्या अंगावर येणार, तेव्हा १३ जास्त आहेत. १० ला मागा, ११ ला घ्या.

तासगावकर
कसरीवर उपाय: थंडी. आमच्या मेव्हण्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. आठवडाभर ठेवून देऊ का?

सनगर_जत
बेदाण्याच्या थंडीत कसर मरत न्हाई, झोपती. भाईर काढली की उठली.

ताणाबाणा
बरोबर. बेदाण्याचं स्टोरेज शून्याच्या वरच असतं. कसरीची अंडीसुद्धा मरायला उणे १८-२० अंश आणि आठवडाभर तरी हवं. आइस्क्रीमवाल्याची कोल्ड रूम मिळाली तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून ठेवा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस तशीच गुंडाळी राहू द्या, नाहीतर दव धरतं. नाही मिळाली तर स्वच्छ कापडावर पालथा टाकून व्हॅक्यूम, मग सुलटा, मग काही तास ऊन, दोन्ही बाजूंना. महिनाभर दर आठवड्याला हेच. कसरीला उजेड आणि हालचाल सोसत नाही. डांबरगोळ्या लवेवर टाकू नका. आणि ह्या गालिच्याला कठड्यावर टाकून काठीने झोडपायचं नाही, कोपरा पहिल्याच फटक्याला जाईल.

वकीलकाका
घरगुती व्यवहार असला तरी साध्या कागदावर दोन ओळी आणि सही घ्या. उद्या बंगल्याचा दुसरा वारस उभा राहतो.

मुक्त_संचार
कुणी बालमजुरीचा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. नवा घेणाऱ्यांनी गुडवीव्हचं लेबल बघावं. कैलाश सत्यार्थींनी १९९४ मध्ये रगमार्क म्हणून सुरू केलं होतं तेच.

ताणाबाणा
काढायला हवा होता. लेबलवर क्रमांक असतो, तो बघा.

गावभागकरीण
फोन केला. आवाज वीतभरात थांबला, बाईंनी त्यांच्या नातवाला दुमडायला लावलं आणि मला स्पीकरवर ऐकवलं! ११ हजारांना ठरला. वकीलकाका, कागद झाला, त्यांच्या भावाचीही सही घेतली. विश्रामबागेतल्या एका आइस्क्रीमवाल्याने हो म्हटलंय, फक्त आठवडा संपल्यावर दोन किलो बासुंदी न्यावी लागेल. सासूबाईंची अट आहे की धुलाई झाल्याशिवाय घरात यायचा नाही. यजमान गप्प आहेत, कारण २२ हजारांचा किस्सा मी सगळ्यांना सांगितलाय.

एक शेवटचं: टाइल्सवर सरकू नये म्हणून खाली काय घालू? दुकानात जाळीची रबर शीट दाखवतात.

ताणाबाणा
जाळी चालेल, पण स्वस्त फोमची घेऊ नका, उन्हाळ्यात टाइलला चिकटते आणि डाग पाडते. जाड नमदा (लोकर दाबून केलेला थर) मिळाला तर उत्तम. नाहीतर दादांनी वर सांगितलंय ते करा. दर सहा महिन्यांनी गालिच्याचं तोंड फिरवा, म्हणजे हार्मोनियम रोज एकाच जागी बसणार नाही.

सनगर_जत
घोंगडं लागलं तर सांगा. ५ बाय ८ एका पट्टीत हुत न्हाई, दोन पट्ट्या जोडून इनून दिऊ. काळं पायजे का पांढरं?

गावभागकरीण
काळं. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते दादा.